हातचं पाणी

“पण तुम्ही सांगितलंत तर ते ऐकतील ना, भन्ते?”

“ऐकतील.”

“मग सांगा ना!”

“ऐकतील म्हणूनच नाही सांगत,” भन्ते म्हणाले.

डॉक्टर उत्पला आतून चिडली, पण भन्तेंसमोर चिडण्याची तिला लहानपणापासून सवय नव्हती.

वैनगंगेच्या काठचं ते छोटंसं विहार. वर पत्रे, मागे मोहाचं झाड, समोर कापणी झालेली लाखोळीची शेतं. भन्ते आता सत्तरी ओलांडलेले. एके काळी नागपूरच्या वस्तीत ते रविवारचा मुलांचा वर्ग घेत, तेव्हा दोन वेण्यांची उत्पला पहिल्या रांगेत बसे. प्रश्न अर्धा झाला की तिचं उत्तर तयार. भन्ते तेव्हाही म्हणत, “अगं, प्रश्न पुरता तर होऊ दे.”

आता ती आनुवंशिक आजारांची डॉक्टर होती. जिल्ह्याच्या रुग्णालयात नवं केंद्र निघालं होतं, त्याची ती प्रमुख. कोटावर नावाची पट्टी होती आणि तिच्यावर नुसतंच ‘डॉ. उत्पला’. आडनाव नाही. कॉलेजात पहिल्याच दिवशी तिला तीन जणांनी आडनाव विचारलं होतं. नोकरी लागली तेव्हा तिने ते पट्टीवर घातलंच नाही.

भन्तेंनी माठातून पाणी काढून पेला तिच्यापुढे ठेवला.

“नको भन्ते. माझी बाटली आहे.” तिने पिशवीतून स्टीलची बाटली काढून दाखवली. “मागच्या वर्षी कावीळ झाली होती. महिनाभर अंथरुणाला खिळले होते. तेव्हापासून बाहेरचं पाणी बंद.”

“बरं केलंस,” भन्ते म्हणाले.

त्यांनी पेला उचलला नाही. त्याच्यावर ताटली झाकली आणि तो तिथेच राहू दिला.

“आता पुन्हा सांग,” ते म्हणाले. “सावकाश.”

उत्पलाने सांगितलं. सावकाश सांगणं तिला जमलं नाही, पण सांगितलं.

याच गावात सुकेशनी रामटेके राहत होती. नवरा धम्मपाल राईस मिलवर कामाला. दोघंही सिकलसेलचे वाहक, म्हणजे स्वतः धडधाकट, पण रक्तात आजाराचा अर्धा वाटा बाळगणारे. त्यांची सहा वर्षांची मुलगी मैत्री, म्हणजे मैतू. तिला दोघांकडून तो वाटा आला आणि आजार पुरा झाला. थंडी पडली की तिचे हातपाय ठणकत. भिंतीला पाय लावून लेकरू पडून राही आणि आई तेल चोळत बसे.

आता सुकेशनीला पुन्हा दिवस गेले होते.

“प्रत्येक वेळी चारात एक शक्यता असते, भन्ते. या बाळालाही असू शकतं. पोटातलं थोडं पाणी सुईने काढून तपासलं की कळतं. पण ते वेळेत व्हायला हवं. पाचवा महिना लागला की सगळंच अवघड होऊन बसतं. कळलं की पुढचं त्यांनी ठरवावं. पण कळायला तर हवं!”

“आणि ती येत नाही.”

“येत नाही. मी स्वतः गेले घरी. एवढी लांब. तर सासूने… सायत्राबाईंनी दार ओढून घेतलं. ‘पुन्हा येऊ नका जी,’ म्हणाल्या. जी म्हणून हाकललं मला!”

भन्ते हसले. उत्पलालाही हसू आलं असतं, पण तिने येऊ दिलं नाही.

“अंधश्रद्धा, दुसरं काय,” ती म्हणाली.

“कसली?”

“…माहीत नाही. असेल काहीतरी.”

“सुकेशनी बारावी शिकली आहे. दर पौर्णिमेला इथे मुलांना गोष्टी वाचून दाखवते.”

उत्पलाने बाटलीचं झाकण घट्ट केलं.

मोहाची फुलं पत्र्यावर टपटपत होती.

“तुझ्या बाटलीतलं थोडं पाणी देतेस?” भन्तेंनी मध्येच विचारलं.

तिने लगबगीने झाकण उघडलं. भन्तेंनी ओंजळ पुढे केली. तिने बाटली वाकडी केली. ते पाणी प्यायले, ओला हात चीवराला पुसला.

“द्यायला बरं वाटलं?”

“म्हणजे काय! तुम्ही मागितलंत ना.”

“हं…” भन्ते म्हणाले. “त्या घरात गेलीस तेव्हा पहिलं काय झालं?”

“पहिलं? पहिलं मी त्यांना रिपोर्ट समजावून…”

“त्याच्याही आधी.”

“आधी काही नाही. अंगणात खाट टाकली होती, तिच्यावर बसले. गाडी बघून आळीतली माणसं जमली होती. म्हटलं बरंच झालं, चार लोकांना कळेल. मग ती छोटी पाणी घेऊन आली. पेला काठोकाठ भरलेला, दोन्ही हातांनी धरून, एक थेंब न सांडता. ‘प्या, पाण्यानं दुखत नाही,’ म्हणाली. आम्हीच शिकवलंय ना त्यांना, सिकलसेलवाल्यांनी भरपूर पाणी प्यायचं…”

“मग?”

“मग काय? मी नको म्हटलं.”

“काय म्हणालीस?”

“‘नको, मी बाहेरचं पीत नाही.’”

भन्तेंनी झाकलेल्या पेल्याकडे बघितलं.

“आणि मग मी त्यांना सांगितलं, की तुमच्या दोघांच्या रक्तात दोष आहे, पोटातल्या पाण्याची तपासणी…”

तिचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

भन्ते तिच्याकडे बघत होते. रागाने नाही. लहानपणी तिचं गणित चुकायचं तेव्हा बघत तसेच.

“तिच्या हातचं नको म्हणालीस,” ते म्हणाले, “आणि पोटातलं मागितलंस.”

उत्पलाचा हात कोटावरच्या पट्टीकडे गेला.

तिचे आजोबा सांगायचे, लहानपणी विहिरीपाशी ओंजळ धरून उभं राहावं लागे आणि कोणीतरी वरून पाणी ओते. पेल्याला हात लावायची मुभा नव्हती. ते सांगताना आजोबा प्रत्येक वेळी हसायचे. का हसायचे, ते तिने कधी विचारलं नव्हतं.

“त्यांना वाटलं…” ती पुटपुटली. “मला? भन्ते, मी त्यांच्यातलीच आहे! मी आत्ता जाते आणि सांगते. माझं आडनाव सांगते. खोब्रागडे म्हटलं की त्यांच्या लक्षात येईल…”

“आणि दुसरं आडनाव असतं तर?”

उत्पलाचा हात पट्टीवरून खाली आला.

“तर पाणी नाकारून चाललं असतं?”



“पण मी पाणी पिऊ शकत नाही,” ती म्हणाली, अगदी रडकुंडीला येऊन. “खरंच नाही पिऊ शकत. डॉक्टर म्हणून सांगते, ते चूक आहे.”

“कोण म्हणतं पी म्हणून?”

“मग काय करू?”

“चहा माग. उकळलेला असतो.”

हसावं की नाही, तिला कळेना.

भन्तेंनी कोनाड्यातलं काळं भिक्षापात्र उचललं आणि त्यावरची धूळ फुंकली. “मी रोज चार दारं फिरतो, उत्पला. मागणाऱ्याला कोणी हाकलत नाही बघ. घ्यायला आलेल्याला हाकलतात… जा. गाडी राहू दे इथेच.”

सायत्राबाई अंगणात सुपात मोहफुलं निवडत होत्या. फाटकाचा आवाज झाला, पण त्यांनी मान वर केली नाही.

“पुन्हा आल्या का जी?”

“हो.”

“सांगतलं ना तुमाले.”

“सांगितलं होतं,” उत्पला म्हणाली. विहारापासून इथवर पायी येताना तिने तीन वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना. “काकू… चहा मिळेल का?”

सायत्राबाईंचे हात सुपात थांबले.

“आमच्या इथचा?”

“हो.”

“दूध नाही. काळा हाये. गुळाचा.”

“चालेल.”

सायत्राबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. धुळीने भरलेल्या चपला, कपाळावर चिकटलेले केस. मग आत हाक घातली, “सुका, चहा मांड वं!” आणि लगेच सूप बाजूला सारत उठल्या. “राहू दे. मीच मांडतो.”

उत्पला आत आली आणि भिंतीला टेकून खाली बसली. सुकेशनी समोर बसली, पदराने पोट झाकून. मैतू दाराच्या चौकटीला लटकून बघत होती. डोळे पिवळसर, पण टक्क उघडे.

“तुम्ही पाणी नाही पीत?” तिने विचारलं.

“पिते. उकळलेलं पिते. मला कावीळ झाली होती.”

“दुखलं?”

“खूप.”

“कुठे?”

उत्पलाने पोटाची उजवी बाजू दाखवली. मैतूने जवळ येऊन नीट बघितलं आणि मोठ्या डॉक्टरसारखी मान हलवली. “पाणी प्यायचं. भरपूर. उकळलेलं पण चालते.”

आतल्या खोलीतून सायत्राबाई बाहेर आल्या. हातात फुंकणी तशीच.

“कावीळ झाल्ती?”

“हो, काकू.”

“मंग तेव्हाच नाही का सांगाचं जी! मी समजली…”

त्या थांबल्या. त्या काय समजल्या, हे त्यांनी सांगितलं नाही. एरवी उत्पलाने दुसऱ्याचं वाक्य पुरं केलं असतं. आज केलं नाही.

सायत्राबाई उंबऱ्यावर बसल्या. फुंकणी जमिनीवर हळूहळू आपटत राहिल्या.

“आमचं रक्त खराब हाये म्हणता तुम्ही.”

“नाही. तसं म्हणायला नको होतं.”

“मंग काय हाये?”

उत्पलाने श्वास घेतला. “फार जुन्या काळी, जिथे जंगल आणि दलदल, तिथे हिवताप असायचा. लेकरं पटापट मरायची. पण ज्यांच्या रक्तात याचा अर्धा वाटा होता, ती लेकरं हिवतापाला पुरून उरली. त्यांचा वंश चालला. म्हणून ते आपल्यापर्यंत…” ती अडखळली. “म्हणून ते इथपर्यंत आलं. एकाकडून आलं तर राखण करतं. दोघांकडून आलं की दुखवतं.”

सायत्राबाईंची फुंकणी थांबली.

“म्हणजे माह्या आजीच्या आजीले ज्यानं जगवलं, तेच या पोरीले दुखवते?”

“हो.”

“दोन्ही एकच?”

“एकच.”

“मंग दोष कायले म्हणता त्याले?” सायत्राबाई एकदम तडकल्या. “ज्यानं जगवलं त्याले दोष म्हणते का कोणी! दुखणं म्हणा.”

“दुखणं म्हणीन,” उत्पला म्हणाली.

“हं.” म्हातारी उठली. “मैतू, चाल, कपबश्या विसळू लाग.” आणि आत जाता जाता तिने बाहेरचं दार ओढून घेतलं. आळीतली दोन डोकी फाटकाशी डोकावत होती, ती बाहेरच राहिली. या खेपेला उत्पला दाराच्या आत होती.

सुकेशनी आतापर्यंत एक शब्द बोलली नव्हती.

“मला तपासणीची भीती नाही, मॅडम,” ती हळूच म्हणाली. “सुईची नाही, कशाचीच नाही. मी सगळं वाचलंय.”

“मग…”

उत्पलाने ओठ मिटले.

“त्या दिवशी अंगणात तुम्ही म्हणाल्या, ‘असं दुसरं होऊ नये म्हणून ही तपासणी.’ मैतू तिथेच उभी होती. पाण्याचा पेला घेऊन. सगळे गेल्यावर तिनं मला विचारलं, ‘आई, असं म्हणजे कसं?’”

आत चुलीत काडी तडकली.

“मी तपासणीला जाईन, अन् कळलं की हे बाळ मैतूसारखंच आहे… अन् मग मी नको म्हटलं… तर मैतू मोठी झाल्यावर मला काय विचारेल?” सुकेशनीचा आवाज फुटला नाही. तो फक्त बारीक झाला. “अन् नाही गेले, आणि हे पण भिंतीला पाय लावून रडायला लागलं, तर ते काय विचारेल?”

उत्पलाला याची उत्तरं शिकवली होती. परीक्षेत तिला त्यात पैकीच्या पैकी मिळाले होते. त्यातलं एकही तिने काढलं नाही.

मैतू चहा घेऊन आली. कपबशी दोन्ही हातांत, जीभ दातांत धरलेली, थेंब न सांडता.

उत्पलाने दोन्ही हातांनी कपबशी घेतली.

“मैत्री,” ती म्हणाली, “त्या दिवशी मी अंगणात तुझ्याबद्दल चुकीचं बोलले.”

मैतूने तिच्याकडे बघितलं. मग कपाकडे.

“फुंकून प्या,” ती म्हणाली. “खूप गरम आहे.” आणि आत पळाली.

सुकेशनीने पदर तोंडाला लावला. हसत होती की काय, कळलं नाही.

“मॅडम, एक विचारू? तुम्ही माझ्या जागी असत्या, तर काय केलं असतं?”

उत्पलाने घाईघाईने मोठा घोट घेतला होता. जीभ पोळली. डोळ्यांत पाणी आलं. उत्तर जिभेच्या टोकाशी होतं, पण तोंडात चहा होता. गिळेपर्यंत वेळ गेला आणि तेवढ्या वेळात उत्तर कुठल्या कुठे गेलं.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती हे एखाद्या पेशंटसमोर म्हणत होती. “पण तुम्हाला जे जे जाणून घ्यायचं असेल, ते विचारा. मला माहीत असलेलं सगळं सांगते. मैतूच्या औषधांचंही सांगते, नवी निघाली आहेत. मी बसते इथे.”

सुकेशनीने विचारलं. एकामागून एक. उत्पलाने प्रत्येक प्रश्न पुरता होऊ दिला. मध्येच सायत्राबाईंनी कप पुन्हा भरला, न विचारता.

उत्पला विहारात परतली तेव्हा नदीवर संध्याकाळचं तांबूस ऊन उतरलं होतं. भन्ते पायरीवर बसले होते.

“जीभ पोळली,” ती म्हणाली.

“घाई केलीस.”

“पण बरंच झालं.”

भन्तेंनी मान डोलावली. ती त्यांच्याशेजारी टेकली. जे घडलं ते तिने सांगितलं. या वेळी मात्र सावकाश सांगितलं.

“तू कोण ते सांगितलंस त्यांना?”

“नाही.”

“का गं?”

“चहा आधीच मिळाला होता.”

भन्ते बराच वेळ हसत राहिले. खोकला येईपर्यंत हसले.

“येणार आहे का सुकेशनी?”

“माहीत नाही. धम्मपालशी बोलते म्हणाली. मग कळवते म्हणाली.”

“नाही आली तर?”

“वेळ निघून जाईल…” उत्पला थांबली. “तरी मी जाईन. चहाला.”

नदीपलीकडे कोणीतरी म्हशींना हाकारत होतं. एक मोहफूल पत्र्यावर पडून घरंगळत खाली आलं.

“भन्ते, तिने मला सरळ विचारलं होतं. तिच्या जागी मी काय केलं असतं म्हणून. आणि मला उत्तर येत होतं. खरंच येत होतं. तिने ऐकलंही असतं माझं. द्यायला हवं होतं का मी?”

भन्ते काही बोलले नाहीत.

“सांगा ना.”

भन्ते नदीकडे बघत होते.

उत्पला वाट बघत राहिली. मग तिची नजर आत गेली. सकाळचा पेला तिथेच होता, ताटली झाकलेला. भन्तेंनी दिलेला, तिने नाकारलेला. हेच त्यांचं उत्तर, असं तिला लख्ख वाटलं. ती उठली, आत गेली, ताटली बाजूला केली. डोळे मिटून, अगदी श्रद्धेने, तिने दोन्ही हातांनी पेला उचलला.

पेला ओठांशी जाणार तेवढ्यात त्याच्यावर एक सुरकुतलेला तळवा आला.

“मी दिलं म्हणून पिऊ नकोस, बाळ.”